रेडिओ बरा आहे, खोली बिघडली आहे

माझ्या दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या रुमालाच्या असत. घरात रेडिओ आला की त्याच्यासाठी भरतकामाचा रुमाल होई. तो वरून घालताना पुढच्या कापडी जाळीवर छान ओढून घेतला जाई. आवाज त्या जाळीतूनच बाहेर येतो, हे घरच्यांना कोणी सांगितलेले नसे. मग रेडिओचा घसा बसला म्हणून त्याला बैलगाडीतून, होडीतून किंवा कोणाच्या तरी डोक्यावरून माझ्याकडे आणत. रुमाल खराब होऊ नये म्हणून तो घरीच ठेवत. दुकानात रेडिओ खणखणीत बोले. "हयसर बरो बोलता, घराक गेलो काय गप," असे म्हणून मंडळी माझ्याकडे संशयाने पाहत.

उरलेल्या तक्रारींपैकी पुष्कळशा खोलीच्या असत. हे पटवणे रुमालापेक्षा कठीण. रुमाल काढता येतो, खोलीचे काय करणार?

मालवणच्या बाजारात माझे रेडिओ आणि ग्रामोफोन दुरुस्तीचे दुकान होते. माझे वडील काथ्याचे दोर वळत. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. गावच्या मुंबईकर मंडळाने मला कोल्हापूरला पाठवले, आणि हायस्कुलातल्या एका गुरुजींनी वाटेत अंगावर असावा म्हणून स्वतःचा कोट दिला. त्या दोघांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो आणि परत येऊन दुकान मांडले, तेव्हा मी मामलेदार होईन असे धरून चाललेल्यांची निराशा झाली. वडिलांनी एवढेच विचारले, "इतक्या शिकान आता स्क्रू फिरवतलंस?"

"कळान फिरवतलंय," मी म्हणालो.

त्यावर त्यांनी दुकानाच्या उंबऱ्यासाठी काथ्याचे एक जाड पायपुसणे विणून दिले. पुढे त्या पायपुसण्याने पाय कमी पुसले गेले आणि रेडिओ जास्त सुधारले. ते कसे, ते सांगतो.

बाजारात भाऊंचे हॉटेल होते. त्यांचा रेडिओ सकाळी चांगला वाजे, दुपारी बिघडे आणि संध्याकाळी पुन्हा चांगला होई. मी एक व्हॉल्व्ह बदलला. फरक नाही. दुसरा बदलला. फरक नाही. भाऊंचे निदान तयार होते.

"गिऱ्हाईक नसला काय तो रडता, मास्तर. माज्यापेक्षा धंद्याची काळजी तेकाच जास्त."

ते थट्टेने म्हणाले, पण मी ते लिहून घ्यावे इतक्या गांभीर्याने ऐकले, कारण माझ्याकडे दुसरा उपाय उरला नव्हता. एका दुपारी रिकाम्या हॉटेलात जाऊन बसलो. टेबलांवर फरशीचे तुकडे, भिंतींना चुन्याचा गुळगुळीत गिलावा, समोर मोठा आरसा. मी एक टाळी वाजवली. टाळी संपली तरी तिचा खणखणाट संपेना. संध्याकाळी माणसे भरल्यावर पुन्हा वाजवली. टाळी तिथल्या तिथे मेली. चार गिऱ्हाइके वळून पाहू लागली आणि पोऱ्याने येऊन "काय आणू?" म्हणून विचारले.

आवाज आपल्या कानाशी दोनदा येतो. एकदा सरळ, आणि मग भिंतीवर आपटून. भिंत कडक आणि गुळगुळीत असेल तर ती आवाज परत फेकते. दुसरी भिंत तो झेलून पुन्हा फेकते. मागचा शब्द जाईपर्यंत पुढचा त्याच्यावर चढतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, रेडिओ घोगरा झाला. मऊ, जाड, खडबडीत वस्तू मात्र आवाज पिऊन टाकते. गोधडी पिते, भाताचे पोते पिते, काथ्या तर फारच पितो. आणि माणूस, त्याच्या अंगावरच्या कपड्यांसकट, यांतल्या कोणाला हार जात नाही. हे सगळे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते. पण भाऊंच्या हॉटेलात ते मला पहिल्यांदा कळले.

समोरच्या भिंतीवर आरशाच्या जागी मी जाड सतरंजी टांगायला लावली आणि रेडिओखाली वडिलांचे पायपुसणे घातले, म्हणजे फळी सोबत गुणगुणत नाही. दुपारचे रडणे थांबले. सतरंजीवर लोक हात पुसतात, ही भाऊंची तक्रार पुढे बरीच वर्षे चालू होती.

त्यानंतर मी पायपुसणे बगलेत मारून गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आधी टाळी वाजवू लागलो. रेडिओ भिंतीला चिकटवला असेल तर हातभर पुढे घेई; कोपऱ्यात असेल तर बाहेर काढी, कारण कोपऱ्यातून ढोलाचा आवाज तिप्पट येतो आणि गाणाऱ्याचा हरवतो. मिठबावला एका चाकरमान्याने चतुर्थीला मुंबईहून मोठा रेडिओग्राम आणला होता. खालच्या सुराला कुठेतरी काहीतरी थरथरे. घरच्यांनी जागेचा राखणदार देव कोपला असे समजून त्याला नारळ दिला आणि तो आणून रेडिओग्रामवरच ठेवला. मग तो नारळही थरथरू लागला. मी रेकॉर्ड लावून एकेका वस्तूवर हात ठेवत माजघरापर्यंत गेलो. फडताळातल्या पितळी परातीवर हात ठेवल्याबरोबर आवाज थांबला. परात उलटी ठेवली, नारळ खाली घेतला. गुण नारळानेच आला असे घरात ठरले. मी हरकत घेतली नाही. त्यातला अर्धा नारळ मला मिळाला.

पण लिहायला बसलो आहे ते तोंडवलीच्या खोलीबद्दल.

त्या काळी गावोगाव पंचायतीला एक सार्वजनिक रेडिओ असे. वीज नव्हती. विटेएवढ्या जाडजूड बॅटरीवर तो चाले, आणि दोन माडांच्या मध्ये तार ताणून आवाज पकडावा लागे. तोंडवलीचा रेडिओ पूर्वी देवळाच्या ओटीवर होता आणि उत्तम वाजत होता. मग मुंबईकरांच्या मदतीने पंचायतीने सिमेंटची नवी खोली बांधली. वर स्लॅब, खाली घोटीव कोबा, भिंती अशा गुळगुळीत की पाल घसरावी. गावात कौलाशिवायचे छप्पर पहिल्यांदाच आले होते, आणि सरपंच आबा पाहुण्यांना ते खालून दाखवत. रेडिओ मानाने तिथे नेला. त्या दिवसापासून त्याचा एक शब्द कोणाला कळला नाही.

आबांचे बोलावणे आले तेव्हा दिवाळी आठवड्यावर होती. एरवी ते 'रेडिओ बघून जा' म्हणून निरोप धाडत. या वेळी होडीत बसून स्वतः आले.

"मास्तर, जानकीच्या चेडवाचा गाणा आसा रेडिओर. येत्या शनिवारी, सांजचा. पाच मिन्टां गातली. आणि आमचो रेडिओ विहिरीत पडल्यासारो बोलता."

जानकीकाकी मला माहीत होती. तिचा नवरा दर्यावर गेला तो परत आला नव्हता. तिने वाड्यावाड्यांतून मासे विकून एकुलत्या मुलीला, शालूला, वाढवले. मुलगी लग्न होऊन गिरगावात गेली. जात्यावर बसून आई म्हणायची त्या ओव्या तिथल्या कोणीतरी ऐकल्या, आणि आता त्याच ओव्या ती मुंबई केंद्रावरून म्हणणार होती. ध्वनिमुद्रण वगैरे काही नाही. ती तिथे म्हणणार, त्याच क्षणी इथे ऐकायचे. ऐकू आले तर आले. आणि जानकीकाकीला मुळातच कमी ऐकू येत असे. ज्याचे कान चांगले, तो घुमणाऱ्या खोलीतही अंदाजाने शब्द जुळवतो. जड कानाच्या माणसाला तिथे नुसता गलबला ऐकू येतो.

शुक्रवारी जाऊन मी टाळी वाजवली. तसली टाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. ती स्लॅबला लागून खाली आली, कोब्यावरून वर गेली आणि माझ्यानंतरही खोलीत राहिली.

"आबा, रेडिओ बरो आसा," मी सांगितले. "खोली बिघडली."

आबांचा चेहरा पडला. "स्लॅबात काय खोट आसा?"

"खोट नाय. लय बरो झालो, तीच पंचाईत."

गावात सगळ्यांत जास्त आवाज पिणारी वस्तू कोणती, तर रापणीचे जाळे. किनाऱ्यावरून समुद्रात टाकून साऱ्या गावाने मिळून ओढायचे ते लांबच लांब जाळे सुकवून घडी करून ठेवलेले होते. मी ते मागितले. रापणकारांनी हसत हसत आणून तिन्ही भिंतींवर थरावर थर टांगले. खोलीला सुकटाचा वास आला, पण टाळी वाजवली तर ती जागच्या जागी संपली. आबांनी स्वतः वाजवून खात्री केली आणि शेजारच्या गावच्या सरपंचाला आमंत्रण धाडले.

शनिवारी संध्याकाळी नवी बॅटरी घेऊन मी पोचलो तर भिंती उघड्या होत्या.

"जाळा खंय?"

"दर्यात," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चार भिंतींवरून परत आला. "बांगडो इलो."

दुपारी पाण्यात बांगड्याचा काळा थवा दिसला होता. बांगडा दिसल्यावर जाळे भिंतीला ठेवील असा माणूस आमच्या किनाऱ्यावर जन्मलेला नाही, आणि जन्मलाच तर त्याला जेवायला घालू नये. जाळे गेले आणि जाळ्याबरोबर ओढायला सगळे पुरुषही गेले. खोलीत उरले आबा, शेजारचे सरपंच, दोन म्हातारे आणि सहा लोखंडी खुर्च्या. गोधड्या मागायला वाडीत कोणाला पाठवावे, तर वाडी लांब आणि वेळ नाही.

रेडिओ लावला. आधी बाजारभाव होते. नारळाचा भाव काय सांगितला, ते दोन्ही सरपंचांपैकी एकालाही कळले नाही. शेजारचे सरपंच सौजन्याने म्हणाले, "आवाज मोठो आसा." ते ऐकून आबांची मान खाली गेली.

बायका आल्या होत्या. पण बाहेर अंगणात, खिडकीखाली. रेडिओ देवळाच्या ओटीवर होता तेव्हाही पुरुष वर बसत आणि बायका खाली. खोली झाली तरी रीत तीच. त्यांच्या शेजारी मासळीच्या रिकाम्या पाट्या होत्या. रापण वर आली की त्यांना किनाऱ्यावर धावायचे होते. जानकीकाकी त्यांच्याही मागे, माडाच्या बुंध्याशी एकटी. चार माणसांच्या कार्याला विधवेने पुढे येऊ नये, एवढे कोणी न सांगता ती पाळत होती. कार्य तिच्याच मुलीचे असले तरी.

मी खिडकीतून बाहेर पाहिले आणि मला भाऊंचे हॉटेल आठवले.

"आबा, ह्येंका सगळ्यांका भितर घेवया."

"कोणाक?"

"बायलमाणसांक."

"भितर?" आबांनी आधी माझ्याकडे आणि मग शेजारच्या सरपंचांकडे पाहिले. "मास्तर, तुमी शिकलेले. पण गावात आमका ऱ्हवाचा लागता."

"आबा, माका बायलमाणसां नको. माका लुगडी व्हयी. नऊवारी, जाड, घड्यांची. ती तेंच्या आंगार आसत, तेका मी काय करू?"

हे मी अगदी शास्त्रीय अर्थाने म्हणालो होतो. एक म्हातारा हसता हसता खोकू लागला, आणि त्या खोलीत तो एकटा खोकला तरी दहाजण खोकल्यासारखे वाटले. तेवढ्यात निवेदकाने पुढच्या कार्यक्रमाविषयी काहीतरी सांगितले. काय सांगितले ते कळले नाही. "शालूचा नाव घेतलान काय?" आबांनी घाबरून विचारले. कोणालाच सांगता येईना.

आबा उठले, दारात गेले आणि ओरडले, "या गो भितर! भरा ही खोली! आयकूक येना नाय काय एक!"

बायका उठल्या, पण आत येऊन दाराशीच गोळा झाल्या. मी टाळी वाजवली. पलीकडची भिंत अजून बोलत होती. "फुडे सरा, त्या भिंतीक टेका," मी म्हणालो. गंगू नावाची एक दांडगी कोळीण होती. ती म्हणाली, "टाळये कित्या वाजवतंस? आरती आसा काय?" पण सरकली ती. तिच्यामागे बाकीच्या सरकल्या. पाट्याही आत आल्या. वेताच्या पाट्या, त्यांत गोणपाटाच्या खोळी. त्याही उपयोगीच. मी खुर्च्या बाहेर काढल्या. दोन्ही सरपंच जमिनीवर बसले.

टाळी जवळजवळ मेली. जानकीकाकी मात्र उंबऱ्याबाहेर थांबली होती.

"गो जानक्ये, ये मगे!"

"माका हयसून आयकूक येता."

"गे बाय, तुका कानाकडे फटाकडो लावल्यार आयकूक येना नाय, आणि हयसून येता?" गंगू म्हणाली. "चेडू तुजा, आणि आमी आयकान तुका सांगूचा काय गातली ता?"

जानकीकाकी आबांकडे पाहत राहिली. आबा शेजारच्या सरपंचांकडे पाहत होते. मग त्यांनी नजर काढून घेतली, स्वतः थोडे बाजूला सरकले आणि रेडिओसमोरची जमीन हाताने पुसली.

"हयसर बस," ते म्हणाले. "फुडे."

ती आली. पदर सावरून रेडिओपुढे बसली, इतकी जवळ की भिंतीवरून येणाऱ्या आवाजाआधी सरळ येणारा आवाज तिला मिळावा. मी सांगणार होतो तीच ती जागा.

निवेदकाने शालूचे सासरचे नाव घेतले. मग क्षणभर काहीच नाही. नुसती बॅटरीवरच्या रेडिओची खरखर. आणि मग गाणे.

त्या गाण्याबद्दल मला काही सांगता येत नाही. मी ते ऐकले नाही. मी खोली ऐकत होतो. स्लॅब काही बोलतो का, डावीकडची भिंत मधेच उठते का, आवाज विरतोय तो तारेमुळे की बॅटरीमुळे, याकडे माझे लक्ष होते. या धंद्यात हे नुकसान कायमचे होते. माणसे मला येऊन सांगत, अमुक गाणे काय सुंदर, आणि मला फक्त त्यांच्या घरची भिंत आठवे. पण त्या संध्याकाळी खोली एकदाही बोलली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

गाणे संपले. शेजारच्या सरपंचांनी "शब्द आन् शब्द" एवढेच म्हटले आणि आबांनी वर स्लॅबकडे पाहिले, जणू त्याला माफ केले. गंगू डोळे पुसत होती. सगळ्यांनी जानकीकाकीकडे पाहिले. ती रेडिओवरून नजर न काढता म्हणाली, "तिका पडसा झाला आसा."

कोणाला काही उमगले नाही.

"सुरवातीक श्वास घेतल्यान तेवा कळला. नाक भरला आसा. ल्हानपणापासून दिवाळीच्या थंडीत तसाच होता." मग मागे वळून, "मुंबैक कोण जाता गो ह्या हप्त्यात? ओवो धाडूचो आसा. भाजून पुरचुंडीत हुंगल्यार मोकळा होता."

माझ्या कामाची तारीफ पुष्कळांनी केली. पुढे कोणी चांगल्या कागदावर लिहूनही दिले. पण एका मुलीने तिकडे मुंबईत घेतलेला श्वास तोंडवलीत तिच्या जड कानाच्या आईला ओळखता आला, याच्या वर मला कोणी काही दिले असे वाटत नाही.

नंतर कधीतरी बॅटरी बदलायला गेलो तर खोलीत पुरुष डावीकडे आणि बायका उजवीकडे अशी सरळ वाटणी झालेली. जाळे किनाऱ्यावर होते. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तेंका आता भायर बसा म्हटला तर आयकनत नाय. गंगू सांगता, आमी उठलो तर आवाज फुटतलो, मास्तरान सांगल्यान. खरा काय ता?"

मी टाळी वाजवून पाहिली आणि ते खरे असल्याचे सांगितले.

पुढे खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले. जो तो कानाला लावून आपापले ऐकू लागला. कानाला लावलेल्या रेडिओला खोली लागत नाही, तेव्हा खोली बिघडण्याचाही प्रश्न मिटला. माझा धंदा त्याने बसला असे नाही. स्क्रू त्यालाही होते, फक्त बारीक. पण टाळी वाजवायचे दिवस संपले. वडिलांचे पायपुसणे त्यानंतर उंबऱ्यावर पडले आणि पाय पुसण्याच्या मूळ कामाला लागले.

त्या शनिवारचे एक सांगायचे राहिले. किनाऱ्यावरून हाक आली, रापण वर आली होती, आणि बायका पाट्या उचलून धावल्या. मी तारा सोडवत होतो. जानकीकाकी अजून तिथेच बसली होती.

"मास्तर, परत लावतले काय तिका?"

मी तिला समजावून सांगितले, की हे रेकॉर्डसारखे नसते. ती तिथे एकदा गायली आणि ते तेवढेच. आता ते कुठेही ठेवलेले नाही.

तिने त्या बंद रेडिओकडे पाहिले. मग आपली पाटी उचलली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"मगे भितर इलंय ता बरा झाला," ती म्हणाली आणि बांगड्याला गेली.